हुकूम आणि अर्जांची राजधानी : प्रिटोरिया

गुरुवार

दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या आहेत. संसद केप टाऊनला भरते, अपिलांचे सर्वोच्च न्यायालय ब्लूमफाँटेनला आहे आणि राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय, मंत्रालये व परदेशी वकिलाती प्रिटोरियात आहेत. १९१० साली केप, नाताळ, ट्रान्सवाल आणि ऑरेंज रिव्हर या चार ब्रिटिश वसाहतींचा एक संघ झाला, तेव्हा राजधानीचा मान सोडायला कोणी तयार नव्हते. शेवटी तो मान वाटून घेण्याची तडजोड झाली आणि कारभाराची राजधानी म्हणून ट्रान्सवालचे प्रिटोरिया ठरले. भारतातून जाणारे बहुतेक प्रवासी क्रूगर अभयारण्य आणि केप टाऊन पाहतात, आणि प्रिटोरियाच्या वाट्याला जोहान्सबर्गहून निघालेल्या बसची अर्ध्या दिवसाची फेरी येते. आम्ही दोघांनी, म्हणजे पत्नीने आणि मी, याच शहरात मुक्काम करायचे ठरवले होते. या देशातील माणसांनी कुठे राहावे, कुठून चालावे आणि कोणता कागद जवळ बाळगावा याचे हुकूम इथून निघाले, आणि त्या हुकुमांविरुद्धचे अर्ज घेऊन माणसे इथेच आली. ते शहर अर्ध्या दिवसात उरकणे मला पटत नव्हते.

ओ. आर. टाम्बो विमानतळावर उतरल्यावर गाउट्रेन ही वेगवान रेल्वे विमानतळाच्या इमारतीतूनच मिळते. प्रिटोरियाला जाण्यासाठी मार्लबरो स्थानकावर गाडी बदलावी लागते. डब्यात खाण्यापिण्यास मनाई आहे आणि हा नियम खरोखर पाळला जातो. आम्ही हॅटफिल्ड या शेवटच्या स्थानकावर उतरलो. विद्यापीठाचा आणि वकिलातींचा हा भाग शांत, रुंद रस्त्यांचा असून नवख्या प्रवाशाने मुक्कामासाठी तोच निवडावा.

महिना ऑक्टोबरचा होता आणि रस्ते जांभळे झाले होते. आपण ज्याला नीलमोहर म्हणतो तो जकरंदा या शहरात सुमारे ७०,००० संख्येने उभा आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतील या झाडाची पहिली दोन रोपे १८८८ मध्ये सनीसाइड भागातील एका बागेत लावली गेली आणि पुढे नगरपालिकेने रस्तोरस्ती त्याच्या रांगा उभ्या केल्या. आज मात्र दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने जकरंदा आक्रमक परदेशी वनस्पतींच्या यादीत आहे. जुनी झाडे राखली जातात, नवी लावता येत नाहीत. त्यामुळे ज्या झाडामुळे शहराला ‘जकरंदा नगरी’ म्हणतात, त्याच झाडाच्या रांगा हळूहळू विरळ होत जाणार आहेत. पदपथावर पडलेली फुले पायाखाली चिकट होतात आणि गळून पडलेल्या फुलाच्या नळीतही मधमाशी शिरलेली असते, म्हणून अनवाणी चालू नये असे अतिथिगृहाच्या मालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले. विद्यार्थ्यांची अशी समजूत आहे की परीक्षेच्या दिवसांत डोक्यावर जकरंदाचे फूल पडले तर माणूस सगळ्या विषयांत उत्तीर्ण होतो. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवरच्या या शहरात उन्हाळ्यात दुपार कलताना आभाळ भरून येते. त्या संध्याकाळी तासभर गडगडाट झाला आणि लगेच लख्ख उघडले.

शुक्रवार

शहर समजून घेण्याची सुरुवात चर्च स्क्वेअरपासून करावी. आमचे मार्गदर्शक एटरिजव्हिल या वस्तीत वाढलेले, साठी उलटलेले निवृत्त शिक्षक होते. इथे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘न्टाटे’ म्हणतात. आम्हीही त्यांना तसेच म्हणू लागलो.

आंद्रिस प्रिटोरियस या बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकरी समाजातल्या, पुढाऱ्याचे नाव शहराला त्याच्या मुलाने, मार्थिनसने दिले. मार्थिनसने १८५५ मध्ये हे गाव वसवले आणि १८६० मध्ये ते बोअर प्रजासत्ताकाची राजधानी झाले. चौकाच्या मधोमध त्या प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष पॉल क्रूगर यांचा उंच टोपीतला पुतळा आहे. आंतोन फान वाउ या शिल्पकाराने तो घडवला. पायथ्याशी चार बाजूंना चार बोअर पहारेकरी बसलेले आहेत. चौकाच्या दक्षिणेला प्रजासत्ताकाच्या विधिमंडळाची जुनी इमारत आहे आणि उत्तरेला पॅलेस ऑफ जस्टिस हे न्यायालय. क्रूगरच्या पुतळ्याभोवती आता कुंपण आहे, कारण २०१५ मध्ये वसाहतकालीन पुतळ्यांविरुद्धच्या आंदोलनात त्यावर रंग फेकला गेला होता. पुतळा हलवावा की ठेवावा हा वाद मिटलेला नाही. मला विचाराल तर तो तिथेच असावा, कारण समोरच्या न्यायालयात जे घडले त्याचा अर्थ त्या पुतळ्यामुळेच पुरता कळतो.

त्या न्यायालयात ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात वर्णभेदी सरकारविरुद्ध घातपाताच्या आरोपावरून रिव्होनिया खटला चालला. २० एप्रिल १९६४ रोजी नेल्सन मंडेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून काही तास बोलले आणि गरज पडली तर ज्या ध्येयासाठी मरायची तयारी आहे ते ध्येय त्यांनी न्यायाधीशांसमोर मांडले. १२ जूनला आठ जणांना जन्मठेप झाली. त्यांत गुजराती कुटुंबातले अहमद कथराडा होते. डेनिस गोल्डबर्ग हे एकटे गोरे कैदी प्रिटोरियातच ठेवले गेले आणि बाकीच्यांना रॉबेन बेटावर नेले, कारण तुरुंगसुद्धा वर्णाप्रमाणे वेगळे होते. ही इमारत आजही न्यायालय म्हणूनच वापरात आहे, त्यामुळे प्रवाशाला ती बाहेरूनच पाहावी लागते.

न्टाटे यांनी आम्हाला न्यायालयासमोरच्या बाकावर बसवले आणि त्यांच्या तारुण्यातल्या पासाविषयी सांगितले. सोळावे वर्ष लागले की प्रत्येक आफ्रिकी माणसाला ती पुस्तिका काढावी लागे. लोक तिला ‘डोमपास’ म्हणत. आत छायाचित्र असे, जमातीची नोंद असे, कर भरल्याच्या नोंदी असत आणि मालकाने दर महिन्याला सही करण्यासाठी पाने असत. एखाद्या महिन्याची सही राहिली की तो माणूस शहरात राहण्याच्या हक्काला मुकू शकत असे. परवानगी नसलेल्या आफ्रिकी माणसाला शहरी भागात ७२ तासांपेक्षा जास्त थांबता येत नव्हते. न्टाटे यांनी आपली पुस्तिका जपून ठेवली आहे. ते सांगत होते की सदऱ्याच्या खिशात ती सतत ठेवल्याने कडा घामाने मऊ झाल्या होत्या, आणि पोलीस दिसला की हात आपोआप खिशाकडे जाई. पासाचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले, त्यानंतरही काही वर्षे हाताची ही सवय गेली नाही, असे ते म्हणाले.

दुपारी आम्ही क्रूगर यांचे घर पाहिले. १८८४ मध्ये बांधलेले हे बैठे घर राष्ट्राध्यक्षाचे वाटू नये इतके साधे आहे. पुढच्या ओसरीच्या पायऱ्यांशी दगडाचे दोन सिंह आहेत. बार्नी बार्नाटो या खाणमालकाने ते क्रूगर यांना भेट दिले होते. भारतीय प्रवाशाचे पाऊल अडखळते ते मात्र घराबाहेरच्या पदपथावर. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला या भारतीय व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी याच शहरात आले होते. पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर त्यांना गाडीतून उतरवले गेले तो प्रवास प्रिटोरियाचाच होता. ट्रान्सवालच्या कायद्यांप्रमाणे भारतीयांना मताधिकार नव्हता, नेमून दिलेल्या वस्तीबाहेर जमीन घेता येत नव्हती, पदपथावरून चालायचे नव्हते आणि रात्री नऊनंतर परवान्याशिवाय बाहेर पडायचे नव्हते. गांधींना रात्री फिरायला जाण्याची सवय होती. सरकारी वकील क्राउझे यांनी त्यांना परवाना देण्याऐवजी एक पत्र लिहून दिले आणि ते पत्र गांधी सतत जवळ बाळगत. तरीही एके दिवशी क्रूगर यांच्या घरासमोरून जाताना पहारेकऱ्याने काही न विचारता त्यांना लाथ मारून पदपथावरून खाली ढकलले. त्यांचे परिचित कोट्स हे गृहस्थ घोड्यावरून तिथून जात होते. त्यांनी फिर्याद करण्याचा आग्रह धरला आणि साक्ष देण्याची तयारी दाखवली. गांधींनी नकार दिला. स्वतःवरच्या अन्यायासाठी न्यायालयात जायचे नाही असे त्यांनी ठरवले होते.

परतताना पॉल क्रूगर मार्गावर जुने सिनेगॉग पाहिले. १९५० च्या दशकात सरकारने ही ज्यू प्रार्थनागृहाची इमारत ताब्यात घेऊन तिथे खास न्यायालय भरवले. राजद्रोहाच्या प्रदीर्घ खटल्याचा मोठा भाग तिथे चालला, १९६२ मध्ये मंडेला तिथे बिबट्याचे कातडे पांघरून उभे राहिले आणि १९७७ मध्ये वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कोठडीतील मृत्यूची चौकशीही तिथेच झाली. चर्च स्क्वेअरपासून इतक्या जवळ असूनही फेरीच्या बसगाड्या तिथे थांबत नाहीत, याचे वाईट वाटले.

शनिवार

सकाळ मेलरोज हाऊससाठी ठेवली होती. जॉर्ज हेस या वाहतूक व्यावसायिकाने १८८६ मध्ये बांधलेली ही व्हिक्टोरियन धाटणीची हवेली बर्गर्स पार्क या बागेसमोर आहे. रंगीत काचा, जड पडदे, पियानो, चिनी मातीची भांडी हे सर्व पाहण्यासारखे आहे, पण आम्ही गेलो होतो तिथल्या जेवणाच्या खोलीसाठी. ३१ मे १९०२ च्या रात्री याच खोलीत बोअर आणि ब्रिटिश प्रतिनिधींनी तहावर सह्या केल्या आणि अँग्लो-बोअर युद्ध संपले. हा तह ‘फेरीनिखिंगचा तह’ म्हणून ओळखला जातो, कारण बोअर प्रतिनिधींच्या बैठका त्या गावी झाल्या. सह्या मात्र प्रिटोरियातल्या.

या तहाचे आठवे कलम प्रत्येक प्रवाशाने वाचून मग शहर पाहावे असे मला वाटते. एतद्देशीयांना मताधिकार द्यायचा की नाही, हा प्रश्न वसाहतींना स्वराज्य मिळेपर्यंत निकालात काढायचा नाही, एवढाच त्याचा आशय आहे. वाचताना ते एखाद्या तांत्रिक तरतुदीसारखे वाटते. पण स्वराज्य मिळणार होते ते गोऱ्यांनाच, आणि मग निर्णयही त्यांच्याच हाती जाणार होता. तसेच झाले. युद्धात दोन्ही बाजूंनी काळे लोक राबले, ब्रिटिशांनी उभारलेल्या छावण्यांमध्ये बोअर स्त्रिया-मुलांप्रमाणेच हजारो काळे लोकही मेले, आणि सह्या झालेल्या त्या मेजाभोवती त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. पुढच्या नऊ दशकांचे बीज त्या एका वाक्यात होते.

दुपारी निसर्ग इतिहास संग्रहालयात गेलो. १९४७ मध्ये स्टर्कफाँटेनच्या गुहांत रॉबर्ट ब्रूम आणि जॉन रॉबिन्सन यांना सापडलेली ‘मिसेस प्लेस’ ही आदिमानवपूर्व कवटी याच संस्थेची ठेव आहे. समोर नगरभवन असून त्याच्यापुढे प्रिटोरियस पितापुत्रांचे पुतळे आणि २००६ मध्ये उभारलेला प्रमुख त्श्वाने यांचा पुतळा आहे. महानगरपालिकेचे नाव २००० सालापासून त्श्वाने आहे, शहराचे नाव मात्र प्रिटोरियाच राहिले आहे, आणि लोक दोन्ही नावे सहज वापरतात.

रविवार

शहराच्या दक्षिणेला दोन टेकड्या समोरासमोर आहेत. एकीवर फोरट्रेकर स्मारक आणि दुसरीवर, साल्वोकोपवर, फ्रीडम पार्क. दोन्ही एकाच दिवशी आणि याच क्रमाने पाहावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

फोरट्रेकर म्हणजे १८३० च्या दशकात केप वसाहतीतील ब्रिटिश अंमल नकोसा होऊन बैलगाड्यांनी आत सरकलेले बोअर शेतकरी. गुलामगिरी बंद झाल्याचा रागही त्या स्थलांतरामागे होता. १६ डिसेंबर १८३८ रोजी ब्लड रिव्हरच्या लढाईत त्यांनी गाड्यांचा कोट करून बंदुकांच्या जोरावर कितीतरी मोठ्या झुलू सैन्याचा पराभव केला. त्या घटनेच्या शताब्दीला कोनशिला बसली आणि १६ डिसेंबर १९४९ रोजी, म्हणजे वर्णभेदाचे धोरण घेऊन नॅशनल पार्टी सत्तेवर आल्याच्या दुसऱ्या वर्षी, स्मारकाचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी जेरार्ड मुर्डाइक यांनी ते चाळीस मीटर उंचीचे, ग्रॅनाइटचे आणि चौरस असे बांधले. भोवतीच्या भिंतीवर ६४ बैलगाड्या कोरलेल्या आहेत.

आत वीरांच्या दालनात चारही भिंतींवर संगमरवराची ९२ मीटर लांबीची पट्टी आहे. २७ फलकांत स्थलांतराची कथा कोरली आहे. कौशल्य असामान्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बैलाच्या मानेवरचे जू, बाईच्या टोपीची चुणी, बंदुकीत दारू ठासणारी बोटे, सगळे स्पष्ट दिसते. एका फलकात झुलू राजा डिंगाने हा पिट रेटीफ यांच्याशी जमिनीच्या करारावर सही करताना दाखवला आहे, आणि त्यानंतर रेटीफ व त्यांच्या साथीदारांची हत्या. जमीन कोणाची, हे एका कागदाने ठरते असे बोअरांचे म्हणणे होते. आपल्या मुलुखात गाड्या भरून येणाऱ्या या माणसांविषयी डिंगानेला काय वाटत असेल ते संगमरवरात कुठेच नाही. दालनाच्या मध्यावर जमिनीत मोठा गोल आहे. त्यातून वाकून खाली पाहिले की तळमजल्यावरची प्रतीकात्मक समाधी दिसते. घुमटाला एक छिद्र ठेवले आहे, आणि दर वर्षी १६ डिसेंबरला भर दुपारी त्यातून आलेला सूर्यकिरण समाधीवरच्या ‘तुझ्यासाठी आम्ही, दक्षिण आफ्रिका’ या आफ्रिकान्स शब्दांवर पडतो. समाधी पाहायला आलेला प्रत्येक जण कठड्याशी मान झुकवतो, कारण अक्षरे वाचण्याचा दुसरा मार्गच नाही. वास्तुशिल्पींनी हे जाणूनबुजून साधले आहे.

फ्रीडम पार्क या कल्पनेचा उगम वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या प्रक्रियेत आहे. इथे प्रचंड इमारत समोर येत नाही. टेकडीच्या उतारावर दगड रचलेल्या वाटा वळत वर जातात. इसिविवाने या मृतांच्या स्मरणाच्या जागी पादत्राणे काढावी लागतात. नऊ प्रांतांतून आणलेले नऊ मोठे दगड, एक राष्ट्रीय शासनाचा आणि एक जगातील इतर देशांच्या वतीने, असे अकरा दगड वर्तुळात मांडले आहेत आणि त्यांच्यामधून धुके सोडलेले असते. निघताना पाण्याने हात धुतात. देवळात जाणाऱ्या आपल्या माणसाला यात काही शिकवावे लागत नाही. पत्नीने मार्गदर्शकाने सांगण्यापूर्वीच चपला काढल्या होत्या.

त्याहून वर नावांची भिंत आहे. वसाहतपूर्व लढायांपासून गुलामगिरी, वंशसंहार, प्रतिकाराची युद्धे, अँग्लो-बोअर युद्ध, दोन महायुद्धे आणि मुक्तिलढा अशा आठ संघर्षांतील मृतांची हजारो नावे त्यावर आहेत. अँगोलात मेलेल्या क्यूबन सैनिकांची नावे आहेत, पण त्याच लढायांत दुसऱ्या बाजूने मेलेल्या वर्णभेदी सरकारच्या सैनिकांची नाहीत. त्यावर मोठा वाद झाला आणि अखेर त्या सैनिकांसाठी फोरट्रेकर स्मारकाच्या आवारात वेगळी भिंत उभी राहिली. सक्तीची भरती होती, विशीतली मुले होती, हे खरे आहे. ती मुले कोणत्या राजवटीसाठी लढली हेही खरे आहे. वेगळी भिंत असणेच मला योग्य वाटले. शोक करण्याचा हक्क प्रत्येक आईला असतो, आणि मुक्तीसाठी मेलेल्यांच्या ओळीत कोणाला बसवायचे हे ठरवण्याचा हक्क त्यांच्या माणसांना असतो.

१६ डिसेंबर ही तारीख या शहरात पुन्हापुन्हा भेटते. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र शाखेने आपली पहिली कारवाई १९६१ मध्ये मुद्दाम याच तारखेला केली. लोकशाही आल्यानंतर ब्लड रिव्हरच्या लढाईच्या स्मरणार्थ पाळला जाणारा बोअरांचा ‘शपथेचा दिवस’ रद्द न करता त्याला ‘समेटाचा दिवस’ हे नाव दिले गेले. दोन टेकड्या जोडणारा रस्ताही २०११ मध्ये याच तारखेला खुला झाला.

सोमवार

कामकाजाच्या दिवशी युनियन बिल्डिंग्ज पाहाव्यात म्हणून त्या सोमवारी ठेवल्या. मेंकीसकोप टेकडीच्या उतारावर फिकट वालुकाश्माची, २८५ मीटर लांबीची ही अर्धवर्तुळाकार इमारत १९१० ते १९१३ या काळात बांधली गेली. हर्बर्ट बेकर तिचे वास्तुशिल्पी. नंतर हेच बेकर दिल्लीला आले आणि रायसीना टेकडीवरचे नॉर्थ व साउथ ब्लॉक त्यांनीच बांधले. खालच्या हिरवळीवरून वर पाहिले की टेकडीवर चढवलेले सरकार, खांबांच्या रांगा, दोन सारखे मनोरे आणि सामान्य माणसाला लांबून चालत येऊ देणारी जागा, हे सगळे ओळखीचे वाटते. दोन मनोरे म्हणजे इंग्रज आणि बोअर हे दोन समाज, आणि मधली कमान म्हणजे त्यांचे ऐक्य अशी मूळ कल्पना होती. तिसरा मनोरा नव्हता.

इमारतीत राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय असल्याने आत सोडत नाहीत, पण पायऱ्यापायऱ्यांची बाग सर्वांना खुली आहे. ९ ऑगस्ट १९५६ रोजी देशभरातून आलेल्या सुमारे २०,००० स्त्रिया याच बागेतून वर चढल्या. आतापर्यंत पुरुषांना लागू असलेला पास आता आफ्रिकी स्त्रियांवरही लादला जात होता. मोर्चाला बंदी येईल म्हणून त्या लहानलहान गटांनी आल्या. पुष्कळ जणींच्या पाठीवर मुले बांधलेली होती. काहींच्या पाठीवर ती मुले ज्यांच्या घरी त्या काम करत त्या गोऱ्या कुटुंबांची होती. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स या चौघींनी सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे पंतप्रधान स्ट्रायडम यांच्या दाराशी ठेवले. पंतप्रधान भेटायला आले नाहीत. मग त्या सगळ्या स्त्रिया अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या आणि त्यानंतर त्यांनी झुलू भाषेत गाणे म्हटले: स्त्रीला हात लावाल तर खडकावर हात आपटाल. आपल्याकडे क्रांतिदिन म्हणून पाळला जाणारा ९ ऑगस्ट त्यामुळे तिथे महिला दिन म्हणून सुटीचा असतो.

न्टाटे आजही बरोबर होते. ज्या वाटेने अर्ज वर गेले ती वाट त्यांनी आम्हाला खालून वरपर्यंत चालायला लावली आणि मध्ये कुठेही बसू दिले नाही. चढण सोपी नाही. ऑक्टोबरचे ऊन होते, आमच्या हातात पाण्याची बाटली होती आणि पाठीवर काहीही नव्हते. वर पोहोचून मागे पाहिले तेव्हा एवढ्या बायकांचे अर्ध्या तासाचे मौन त्या वाटोळ्या इमारतीत आणि त्यातल्या कचेऱ्यांत कसे जाणवले असेल याची थोडीशी कल्पना आली.

१० मे १९९४ रोजी मंडेला यांनी याच ठिकाणी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. हिरवळीवर त्यांचा नऊ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा दोन्ही हात पसरून उभा आहे. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी, १६ डिसेंबर २०१३ ला, त्याचे अनावरण झाले. आम्ही होतो तेव्हा शाळेच्या सहलीतली मुले पुतळ्याच्या पायाशी त्याच्यासारखेच हात पसरून छायाचित्रे काढून घेत होती.

दुपारच्या जेवणाला पाप, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि टोमॅटो, गाजर व घेवड्याची झणझणीत चाकालाका घेतली. शाकाहारी माणसाची या शहरात मुळीच उपासमार होत नाही.

मंगळवार

मध्यवस्तीच्या वायव्येला माराबास्टाड आहे. कृष्णवर्णीय, भारतीय आणि मिश्रवंशीय लोक इथे शेजारीशेजारी राहत. आफ्रिकी लोकांना १९४० च्या दशकातच एटरिजव्हिलला हलवण्यात आले होते. मग १९५० च्या गट वस्ती कायद्याने वर्णाप्रमाणे वस्त्या ठरवल्या आणि मिश्रवंशीयांना ईर्स्टरस्टला व भारतीयांना लॉडियमला पाठवण्यात आले. घरे गेली, मारिअम्मन देऊळ राहिले. तमिळ धाटणीचे रंगीत गोपुर आज टॅक्सीतळ आणि फुटपाथवरच्या दुकानांच्या गर्दीत उभे आहे, आणि भाविकांना मैलोन्‌मैल अंतर कापून आपल्याच जुन्या वस्तीतल्या देवीला यावे लागते.

मध्यवस्तीतल्या एका मोठ्या रस्त्याला २०१२ मध्ये नाना सीता यांचे नाव देण्यात आले. गुजरातेतून आलेले हे गांधीवादी व्यापारी हर्क्युलीस भागातले आपले घर सोडायला तयार झाले नाहीत. तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर झाला होता. त्यासाठी म्हातारपणी त्यांनी पुनःपुन्हा तुरुंगवास पत्करला. त्यांच्यावर खटले चालवणाऱ्या शहरातच त्यांच्या नावाची पाटी लागावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

गांधींनी आयुष्यातले पहिले म्हणावे असे जाहीर भाषण प्रिटोरियातल्या भारतीय व्यापाऱ्यांपुढे केले. विषय होता व्यापारातला खरेपणा आणि स्वच्छता. त्यानंतर त्यांनी इंग्रजी शिकवण्याची तयारी दाखवली, तेव्हा तीन विद्यार्थी मिळाले: एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. ज्या शहरात प्रत्येक हक्क लेखी अर्जावर अवलंबून होता, तिथे अर्ज वाचता-लिहिता येणे ही पहिली गरज आहे हे त्यांनी ओळखले होते.

मराठी माणसासाठी याच धाग्यात आणखी एक नाव आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९१२ च्या ऑक्टोबरात केप टाऊनला उतरले आणि नोव्हेंबरात प्रिटोरियाला पोहोचले. प्रकृती साथ देत नव्हती, तरी पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांना भेटण्याच्या आधी त्यांनी गांधींकडून भारतीयांच्या प्रश्नाचा सगळा इतिहास बारकाईने समजून घेतला. भेटीला ते एकटेच गेले. परत आल्यावर त्यांनी सांगितले की सगळे ठरले आहे, भारतीयांना सक्तीने नोंदणी करायला लावणारा ‘काळा कायदा’ जाईल आणि करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा करही जाईल. गांधींना त्याचा भरवसा वाटला नाही, पण असे वचन मिळाले याचे महत्त्व त्यांनी ओळखले. पुढच्याच वर्षी सरकारने ते वचन नाकारले, आणि त्यामुळे तीन पौंडांचा कर सत्याग्रहाचा विषय झाला. खाणमजूर आणि स्त्रिया लढ्यात उतरल्या आणि १९१४ च्या कायद्याने तो कर रद्द झाला. गोखल्यांना फसवले गेले असे काही जण म्हणतात. मला वाटते, मोडता येईल असे वचन त्यांनी मिळवले हेच मोठे काम होते, कारण मोडलेल्या वचनावर लोकांना उभे करता येते.

संध्याकाळी लॉडियमला गेलो. साड्यांची, मसाल्यांची दुकाने, समोशांचा वास आणि गुजराती-इंग्रजीत चाललेल्या गप्पा. दुकानदारबाईंनी पत्नीला ‘बेन’ म्हणून हाक मारली आणि आम्ही मुंबईचे आहोत कळल्यावर आजोबांच्या गावाची चौकशी आमच्याकडेच केली.

बुधवार

परतीचे विमान रात्री होते, त्यामुळे सकाळी हॅटफिल्डच्या रस्त्यांवर पुन्हा एकदा फिरून घेतले. पुढे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहून ठेवतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा आरंभ हा जकरंदाचा काळ. पाऊस दुपारनंतर येतो, म्हणून उघड्यावरची ठिकाणे सकाळी उरकावीत. चर्च स्क्वेअर आणि माराबास्टाड दिवसा आणि स्थानिक मार्गदर्शकाबरोबरच पाहावे, मोबाइल हातात धरून चालू नये आणि अंधार पडल्यावर मध्यवस्तीत थांबू नये. गाउट्रेनची स्थानके सुरक्षित आहेत, पण ती मोजकीच असल्याने टेकड्यांवर जाण्यासाठी गाडी ठरवावी लागते. जुन्या नकाशांवर विसंबू नये, कारण २०१२ मध्ये अनेक रस्त्यांची नावे बदलली. एकट्या चर्च स्ट्रीटलाच आता चार नावे आहेत. आणखी एक दिवस हाताशी असेल तर पूर्वेला कलिनन गावी जावे. ३,१०६ कॅरेटचा तो प्रसिद्ध हिरा १९०५ मध्ये तिथल्या खाणीत सापडला. आणि वेळ फारच कमी असेल, तर बाकी सगळे सोडून मेलरोज हाऊसची ती खोली आधी पाहावी आणि त्यानंतर युनियन बिल्डिंग्जची बाग खालून वरपर्यंत पायी चढावी.